पाठीशी अजिंक्यतारा

जीएसटीची रिटर्न भरायचं काम मी घरूनच करते. ११ आणि २० तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत खुर्चीवरून हलता येत नाही. त्यामुळे माडीवरची खोली कामासाठी मोकळी झाली तेव्हा टेबल कुठे ठेवायचं, हा प्रश्न मी मनावर घेतला आणि फेंगशुई, म्हणजे घर-खोली मांडायचं चिनी शास्त्र, नीट वाचून काढलं.

टेबलाबद्दल त्यातला मुख्य नियम असा: पाठीमागे भक्कम भिंत, समोर मोकळी जागा, आणि बसल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे, पण दाराच्या सरळ रेषेत बसायचं नाही. ही मांडणी मुळात घरं आणि समाध्या कुठे बांधाव्यात यासाठीची. मागे डोंगर म्हणजे काळं कासव, समोर तांबडा पक्षी, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ. चीनमध्ये कासवाची दिशा उत्तर. थंडीतलं बोचरं वारं तिकडे मंगोलिया-सैबेरियाच्या अंगानं येतं, म्हणून घरानं उत्तरेला पाठ करायची आणि दक्षिणेचं ऊन घ्यायचं.

आता हे आमच्या साताऱ्यातल्या चिमणपुऱ्यात आणून बघा. डोंगर आहे, पण दक्षिणेला! अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी आमची पेठ. झोंबणारं वारं येतं ते पावसाळ्यात, पश्चिमेकडून, यवतेश्वर-कासच्या बाजूनं. पुस्तकातली दिशा जशीच्या तशी उचलली तर किल्ला समोर येतो आणि उघडी बाजू पाठीशी. माझं तरी ठाम मत झालं, की तिथली दिशा घेण्यापेक्षा तिच्यामागचं कारण घ्यावं. मी दक्षिणेच्या जाड दगडमातीच्या भिंतीला पाठ केली.

सासूबाई जिना चढून बघायला आल्या. म्हणाल्या, "अगं, उत्तरेला तोंड म्हणजे कुबेराकडे तोंड. हिशेबाचं काम करणाऱ्याला याहून चांगलं काय?" वास्तूच्या अंगानंही तेच उत्तर निघालं, याचा मला खरोखर आनंद झाला.

खिडकी उत्तरेच्या भिंतीत, डाव्या टोकाला. उजेड डावीकडून येतो, त्यामुळे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. मे महिन्यात तेवढी संध्याकाळी तिरपी तिरीप आत येते, तेव्हा पडदा ओढते. दार पूर्वेच्या भिंतीत, पार पुढच्या कोपऱ्याला. मान जरा उजवीकडे वळवली की कोण आलं ते दिसतं. आधी दिवाणखान्यात दाराकडे पाठ करून बसायचे, तेव्हा कुणी मागून हाक मारली की दचकायला व्हायचं आणि आकड्यांची बेरीज तुटायची. आता तसं होत नाही.

वर कडीपाट आहे, मधोमध तुळई. तुळईखाली बसू नये असं फेंगशुई सांगतं, आणि उपाय म्हणून तिला बांबूच्या बासऱ्या टांगतात. मी खुर्चीच मागे घेतली. जुन्या लाकडाचा भुसा गळतो, तो की-बोर्डवर पडलेला मला परवडत नाही.

जुन्या फायलींचं काय करायचं, यात मात्र बराच वेळ गेला. पसारा काढून टाका हे फेंगशुईचं सांगणं मला पटतं, पण जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावीच लागतात. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते, तिथे कागद ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. शेवटी लोखंडी कपाट माझ्या पाठीमागे, दक्षिणेच्याच भिंतीला लावलं. टेबलाखाली आता पायांशिवाय काहीही नाही.

आग्नेयेला फेंगशुईत लाकूड हे तत्त्व, म्हणजे तिथे झाड हवं. आपल्याकडे ती अग्नीची दिशा. प्लगपॉइंट तिथेच असल्यानं प्रिंटर आणि राउटर तिकडे गेले. पाण्याचा तांब्या उत्तरेच्या कोनाड्यात, ईशान्येकडच्या टोकाला. उत्तर ही फेंगशुईत पाण्याची आणि व्यवसायाची दिशा, आणि ईशान्येला पाणी हे तर आपल्याकडे लहान पोरालाही माहीत.

दुकानातल्या वस्तू मी घेतल्या नाहीत, आणि तुम्हीही आधी त्यावर पैसे घालू नका. हसरा बुद्ध म्हणून विकतात तो दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्षू, गौतम बुद्ध नव्हे. लकी बांबू हा बांबूच नाही, आफ्रिकेतलं ड्रॅसिना जातीचं झाड आहे ते. दिसायला छान आहे, आवडत असेल तर जरूर ठेवा. पण भिंत, दार आणि उजेड जागेवर नसतील तर त्याचा काय उपयोग?

साताऱ्यातच गोडोलीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही आता खोली लावायची आहे. तिच्याकडून किल्ला पश्चिमेला येतो, म्हणजे पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला. अडचण एवढीच की तिचं दार नेमकं पश्चिमेच्या भिंतीत आहे. अशा वेळी टेबलावर छोटा आरसा ठेवून मागचं दार दिसेल असं करतात. मला ते शेवटचा पर्याय म्हणून चालेल. त्याआधी टेबल दक्षिणेच्या भिंतीला बसतं का ते बघायचंय. रविवारी टेप घेऊन तिच्याकडे जाणार आहे.