सुलाफेस्ट: वाइन चाखण्यासाठी नाशिकला जाताना

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या शनिवार-रविवारी नाशिकजवळ सुला विनयार्ड्स या वायनरीत भरलेल्या सुलाफेस्ट या वाइन आणि संगीताच्या उत्सवाला मी, माझे यजमान आणि निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेला माझा मामेभाऊ असे तिघे जण गेलो होतो. २००८ साली सुरू झालेला हा उत्सव करोनाच्या काळात खंडित झाला होता, आणि काही वर्षांनी तो पुन्हा भरणार असल्याचे कळताच आम्ही तिकिटे काढली. बहुतेक लोक तेथे संगीतासाठी जातात आणि ते स्वाभाविकही आहे, कारण द्राक्षबागांच्या कुशीतल्या उघड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या प्रेक्षागारात बसून गाणे ऐकण्याचा आनंद शहरातल्या सभागृहात मिळत नाही. आम्हाला मात्र वाइन आणि त्यासोबतचे खाणे नीट, लक्षपूर्वक चाखायचे होते. त्याच हेतूने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

पुण्याहून नाशिक साधारण २१० किलोमीटर आहे आणि वाटेतल्या गावांमधली गर्दी धरता मोटारीने पाच-सहा तास हाताशी ठेवावेत. मुंबईकरांना रेल्वे अधिक सोयीची आहे. परंतु नाशिक रोड स्थानक शहराच्या एका टोकाला आणि गोवर्धन शिवारातली ही वायनरी दुसऱ्या टोकाला, गंगापूर धरणाच्या बाजूला असल्यामुळे स्थानकावरून पुढे आणखी तासभर लागू शकतो, हे गणितात धरावे. वायनरीच्या परिसरातल्या खोल्या उत्सवाच्या दिवसांत मिळणे कठीण असते. आम्ही गंगापूर रोडवर एका साध्या हॉटेलात दीड महिना आधी खोल्या ठरवल्या होत्या, आणि तो निर्णय योग्य ठरला.

शनिवारी आम्ही उत्सवाला संध्याकाळी पोहोचलो, आणि चाखण्याच्या दृष्टीने तो दिवस जवळजवळ वाया गेला. वाइनच्या टेबलांपुढे दाटी होती, संगीत रंगात आले होते, आणि ओतणाऱ्या मुलांना प्रश्न विचारावा तर त्यांना तो ऐकूही जात नव्हता. शिवाय अंधारात वाइनचा रंग दिसत नाही, खाद्यपदार्थांच्या धुरात तिचा गंध लागत नाही. त्यावर भर म्हणजे परतीची गाडी आम्ही आधी ठरवली नव्हती, त्यामुळे रात्री गारठ्यात तासभर रस्त्याकडे डोळे लावून उभे राहावे लागले. नाशिकला फेब्रुवारीत दुपारी टोपी लागते आणि रात्री स्वेटर. दोन्ही सोबत हवेतच. गाडी तर येण्याजाण्यासाठी, थांबण्याच्या वेळेसह, सकाळीच बोलून ठेवावी.

रविवारी मात्र आम्ही दुपारी, दारे उघडताच आत होतो आणि पहिले दोन तास अक्षरशः आमचे होते. सुरुवातीलाच मामेभाऊ आम्हाला वाटेच्या कडेच्या वेलींपाशी घेऊन गेला. त्याच्या बागेत थॉमसन सीडलेस आहे. मणी लांब आणि फुगीर व्हावा म्हणून तो घडांना जीएचे (जिबरेलिक अॅसिड या वाढ-संजीवकाचे) द्रावण देतो, विरळणी करतो आणि वेल मांडवावर पसरवतो. इथला वेल कुंपणासारख्या उभ्या तारांवर होता, घड लहान, मणी वाटाण्याएवढा, साल जाड आणि आत बिया. एक मणी चावून तो म्हणाला, “ताई, हा माल बाजारात कोणी घेणार नाही, पण गोडी बघ याची.” खाण्याची द्राक्षे साधारण १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) आसपास गोडी भरली की तोडतात; वाइनच्या बहुतेक द्राक्षांत ती २२ ते २४ पर्यंत जाऊ देतात, कारण त्याच साखरेचे यीस्ट पुढे अल्कोहोल करते. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, त्यामुळे मणी लहान आणि साल जाड असणे हा तिथे गुणच आहे. छाटणीचे चक्र मात्र दोघांचेही सारखे आहे: एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसानंतर फळासाठी गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी. युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान होणारी ही तोडणी आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीस येते, म्हणून हा उत्सवही त्याच सुमारास भरतो. पाच मिनिटांचे हे वेलदर्शन कोणीही चुकवू नये. पेल्यातल्या चवीचा अर्थ त्यानंतर अधिक नीट लागतो.

चाखण्याचा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे. आधी स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाइन, मग सोव्हिन्यों ब्लां आणि रीसलिंगसारख्या व्हाइट, त्यानंतर रोझे, मग शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों, आणि लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला तर शिराझच्या तुरटपणानंतर व्हाइट वाइन पाण्यासारखी लागते. प्रत्येक वेळी एक-दोन घोटच घ्यावेत आणि सगळे गिळलेच पाहिजे असे नाही. तोंडात घोळवून भांड्यात टाकून देणे आपल्याकडे अनेकांना अशिष्ट वाटते, परंतु वाइनच्या जगात ती रीतसर पद्धत आहे, आणि आठ प्रकार चाखायचे तर दुसरा मार्ग नाही. त्या दिवशी अत्तर लावू नये. रेड वाइन उन्हात पटकन कोमट होते आणि मग तिच्यात नुसते अल्कोहोलच जाणवते. म्हणून पेला दांडीला धरावा, सावलीत उभे राहावे आणि वाइन गरम वाटली तर थोडी थंड करून मागायला संकोचू नये.

खाण्याच्या दालनांत पिझ्झा आणि चीज यांकडे ओढा अधिक असतो. चीज चांगलेच जुळते, कारण त्यातले मीठ आणि स्निग्धांश रेडचा तुरटपणा मऊ करतात. पण मला मनापासून सांगावेसे वाटते ते आपल्या तिखट पदार्थांविषयी. मसालेदार कबाबासोबत मी आधी शिराझ घेतली आणि जीभ पेटली, कारण तुरटपणा आणि अल्कोहोल हे दोन्ही तिखटाचा दाह वाढवतात. मग किंचित गोडसर आणि थंडगार शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन घेतली, आणि तोच कबाब सौम्य होऊन त्यातला जिऱ्याचा स्वाद वर आला. सुलाने २००० साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लां होती. ज्या शहराची मिसळ प्रसिद्ध आहे, तिथे ही वाइन रुजली हे मला फार समर्पक वाटते. सकाळी नाशिकची मिसळ खाऊन आलेल्यांनी मात्र चाखण्यापूर्वी तीन-चार तास जाऊ द्यावेत आणि मध्ये साधा वरणभात किंवा पोळीभाजी खावी. रिकाम्या पोटी जाणे सर्वांत वाईट. प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे.

द्राक्षे तुडवण्याच्या मोठ्या टोपात आम्हीही उतरलो. ते मौजेसाठीच असते, वाइन काही त्यातून करत नाहीत. पण कपडे डागाळतात, तेव्हा गडद रंगाचे घालावेत आणि एक टॉवेल न्यावा.

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, म्हणून तरुणांनी ओळखपत्र विसरू नये. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा आहे आणि ही मर्यादा थोड्याच वाइनने ओलांडली जाऊ शकते. “मी नुसते चाखले” हा हिशेब त्या वेळी चालत नाही. आमच्यासोबत रविवारी चालक होता, म्हणून तिघेही निर्धास्त होतो.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर तो उत्सवाच्या आधी घ्यावा. आम्ही शुक्रवारी दुपारी जवळच्याच यॉर्क वायनरीत गेलो होतो, तिथे फारशी गर्दी नव्हती आणि शांतपणे प्रश्न विचारता आले. धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्तही त्या परिसरातून सुंदर दिसतो.

बाटल्या विकत घेतल्या तर त्या उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत, कारण बंद मोटारीच्या उष्णतेत वाइन काही तासांत बिघडते. आम्ही दोन लेट हार्वेस्ट कपड्यांत गुंडाळून आणल्या. त्यांतली एक मामेभाऊ घेऊन गेला, आणि दुसरी आम्ही होळीला फ्रीजमध्ये चांगली गार करून जायफळ घातलेल्या पुरणपोळीसोबत उघडली.