यू-१३ नोंदवही: साखळी सामने संपले, आता प्लेऑफ

रविवारी आमच्या तेरा वर्षांखालच्या (यू-१३) आइस हॉकी संघाचा साखळीतला शेवटचा सामना झाला. ३-३ बरोबरी, एक गुण, आणि आठ संघांच्या तक्त्यात आम्ही चौथे. शनिवारपासून प्लेऑफ. समोर पाचव्या क्रमांकाचा संघ आहे, आणि त्यांच्याशी या मोसमात एकही सामना एका गोलापेक्षा जास्त फरकाने सुटलेला नाही. नाताळच्या सुट्टीपर्यंत आम्ही सातवे होतो. मधल्या दोन महिन्यांत काय बदललं, ते प्लेऑफच्या गडबडीत विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: टोरोंटोच्या पश्चिमेचं उपनगर, हाउस लीग (स्थानिक हौशी स्पर्धा), अकरा-बारा वर्षांची मुलं-मुली एकत्र. आठवड्याला एक सराव, एक सामना. मी असिस्टंट कोच आहे आणि बेंचवर डिफेन्सकडचं दार माझ्याकडे असतं. माझी मुलगी डावीकडून डिफेन्स खेळते.

ब्रेकआउट

ब्रेकआउट म्हणजे पक, म्हणजे बर्फावरची रबरी चकती, आपल्या गोलजवळून बाहेर काढणं. हा मोसम मुळात याच एका गोष्टीचा झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्यावर गोल कसे करायचे हे प्रतिस्पर्ध्यांना पाठ झालं होतं. पक आमच्या कोपऱ्यात टाकायचा आणि मागून दोन जण सोडायचे. आमचा डिफेन्समन पकपाशी पोचायचा, घाबरायचा आणि कडेच्या काचेवरून जोरात वर मारायचा. ब्लू लाइनवर, म्हणजे आमचा भाग जिथे संपतो त्या निळ्या रेषेवर, त्यांचा डिफेन्समन उभाच असायचा. पक परत आत, शॉट, रिबाउंड (अडवल्यावर उसळलेला पक), गोल. गोल करायला आम्हाला अडचण नव्हती. आपल्या घरातून पक बाहेर काढता येत नव्हता.

जानेवारीपासून मुख्य कोचनी सरावाचा निम्मा वेळ फक्त यालाच दिला. शॉटचे खेळ नाहीत, शर्यती नाहीत. मुलं सुरुवातीला कुरकुरली, काही पालकही. पण बर्फ आठवड्यात एकच तास मिळतो, तेव्हा एक गोष्ट पक्की करायची की दहा गोष्टींना हात लावायचा, हे ठरवावंच लागतं. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता.

पहिली पायरी मानेची. पककडे जाताना डिफेन्समनने खांद्यावरून मागे बघायचं, एकदा नाही, दोनदा, आणि तेही पकपाशी पोचायच्या आत. कोण येतंय, कुठल्या बाजूने येतंय, किती वेळ आहे. सरावात कोच मागे उभे राहून बोटं वर करायचे आणि पक उचलण्याआधी किती बोटं होती ते ओरडून सांगायचं. साधा खेळ आहे, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

दुसरी पायरी आवाजाची. जोडीदार डिफेन्समन नेटसमोर उभा असतो, त्याला पूर्ण चित्र दिसतं. मग त्याने बोलायचं: ‘टाइम’ (वेळ आहे), ‘मॅन ऑन’ (अंगावर येतोय), ‘रिव्हर्स’ (उलट्या बाजूला दे). आमची मुलं लॉकररूममध्ये कान किटेपर्यंत बोलतात आणि बर्फावर गप्प. डिसेंबरात तर एकही आवाज यायचा नाही. आता बेंचवरून ऐकू येतो.

तिसरी पायरी विंगरची, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डची, आणि इथे मी स्वतः थोडा रेंगाळतो. माझं लहानपण खडकीत गेलं. धनराज पिल्लै ज्या खडकीतून आले तीच खडकी, तिथे हॉकी म्हणजे मैदानावरची हॉकी. पास घेताना अंग उघडं ठेव, बॉलकडेही बघ आणि पुढच्या मैदानाकडेही बघ, हे तिथे इतक्यांदा ऐकलंय की आजही कानात घुमतं. बर्फावर विंगरचं काम नेमकं तेच आहे. हॅश मार्कच्या (नेटच्या बाजूच्या वर्तुळावरच्या छोट्या रेघांच्या) उंचीला, पाठ बोर्डाला, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीला, लावून, स्टिक बर्फावर ठेवून उभं राहायचं. तोंड बोर्डाकडे करून पास घेतला की मागून येणारा दिसत नाही. पाठ बोर्डाला असली की तोच माणूस समोरून दिसतो, आणि सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, तोही दिसतो. सेंटरने नेटच्या खालपर्यंत उतरून पकच्या दिशेने वळण घेत वर यायचं, म्हणजे विंगरला मधे छोटा पास देता येतो. पक बाहेर जातो तो बहुतेक याच छोट्या पासवर, काचेवरच्या मोठ्या फटक्यावर नाही.

मैदानी हॉकीची एक सवय मात्र इथे कामाची नाही. तिथला ऑफसाइड १९९८ मध्ये कायमचा गेला. इथे तो ब्लू लाइनवर पहारा देतो. ब्रेकआउट जमायला लागला तसे आमचे विंगर उत्साहात पकच्या आधीच लाइन ओलांडायला लागले, आणि कष्टाने बाहेर काढलेला पक शिटीवर वाया जायला लागला. त्यावर उपाय म्हणून लाइनजवळ सरळ न जाता तिरकं, लाइनच्या रेषेत धावायचं, असं शिकवतोय. निम्म्यांना जमलंय.

अंगाने अडवणं

कॅनडात या वयोगटात बॉडी चेकिंगला (अंगाने धडक देऊन अडवण्याला) परवानगी नाही. हॉकी कॅनडाने, म्हणजे इथल्या राष्ट्रीय संघटनेने, २०१३ मध्ये ते बंद केलं. त्याआधी २०१० साली अल्बर्टातल्या, म्हणजे चेकिंगला परवानगी असलेल्या, आणि क्विबेकमधल्या, म्हणजे नसलेल्या, मुलांची तुलना करणारा अभ्यास आला होता. अल्बर्टात दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. मी या नियमाच्या पूर्ण बाजूने आहे. याचा अर्थ अंगाचा स्पर्शच नाही असा मात्र नाही. अँगलिंग शिकवता येतं आणि शिकवायलाच हवं: पक असलेल्याच्या सरळ अंगावर न जाता आतल्या बाजूने येऊन त्याला बोर्डाकडे रेटत न्यायचं, जागा संपवायची आणि मग स्टिकखालून पक काढायचा. अँगल चुकला की मूल मागे पडतं, मग स्टिक लांबवतं, समोरचा पडतो आणि ट्रिपिंगची (पाडल्याची) शिक्षा, दोन मिनिटं बाहेर. फेब्रुवारीत आमच्या पेनल्ट्या कमी झाल्या त्या यामुळेच, ओरडण्यामुळे नाही.

पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ, अजून जमत नाही. छत्रीची रचना करून पाहिली, मुलं गोंधळली. आता दोघं खाली, तिघं वर, आणि शॉट मारा, एवढंच ठेवलंय. प्लेऑफच्या तोंडावर नवीन काही घालणार नाही.

गोलकीपर

हा मुलगा गेल्या वर्षी फॉरवर्ड होता, स्वतःहून पॅड मागून घेतले. त्याची सुरुवातीची अडचण रिबाउंडची होती. पक सुमारे १७० ग्रॅमचा, कडक रबराचा. पॅडला लागला की सरळ नेटसमोरच्या स्लॉटमध्ये परत यायचा. आता तो खालचे शॉट पॅड तिरका करून कोपऱ्यात वळवतो. त्या पकपाशी कोपऱ्यात पोचणारा पहिला आमचा डिफेन्समन असला पाहिजे, म्हणजे गाडी पुन्हा ब्रेकआउटवर येते. मला या पोराचं विशेष कौतुक वाटतं ते त्याच्या पायांपेक्षा धीराचं. गोल खाल्ला की पाणी पितो, क्रीज, म्हणजे नेटसमोरची आपली जागा, स्केटने खरवडून घेतो आणि तयार.

शेवटचा सामना

शेवटचं दीड मिनिट राहिलं होतं, २-३ मागे. मुख्य कोचनी गोलकीपर बाहेर बोलावला, सहावा स्केटर आत. लगेच समोरच्या संघाने पक आमच्या कोपऱ्यात टाकला. नेट रिकामं. ऑक्टोबरात हा पक घाईघाईने मधून मारला गेला असता आणि सामना तिथेच संपला असता. आमच्या उजव्या डिफेन्समनने जाता जाता दोनदा मागे बघितलं. दोघं अंगावर येत होते. दुसऱ्या बाजूने माझी मुलगी ‘रिव्हर्स’ म्हणून ओरडली, ते मी दारापाशी उभा असताना स्पष्ट ऐकलं. पक बोर्डावरून उलटा तिच्याकडे, तिच्याकडून विंगरला, विंगरकडून मधे सेंटरला. चार जण एका रांगेत वर गेले आणि या वेळी लाइनवर कोणीही पुढे नव्हतं. शॉट, रिबाउंड, गोल.

गोल ज्याच्या नावावर लागला तो खूश होताच. पण कोचनी लॉकररूममध्ये सामन्याचा पक दिला तो उजव्या डिफेन्समनला. गुणपत्रकावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. घरी येताना मुलगी गाडीत म्हणाली, “बाबा, मी ओरडले ते ऐकलंस ना?” ऐकलं होतं.

प्लेऑफची तयारी

तीनपैकी दोन सामने जिंकायचे. बरोबरी झाली तर जादा वेळ. समोरचा संघ दोन फॉरवर्ड खोल पाठवतो, एक मधे ठेवतो आणि दोन डिफेन्समन ब्लू लाइनवर घट्ट. म्हणजे पहिला पास घाईत द्यावा लागणार, पण तो निघाला की मधे जागा मोकळी असेल. सेंटरने खूप वर पळायचं नाही, हा निरोप सगळ्या पालकांनाही दिलाय, कारण स्टँडमधून ‘वर जा, वर जा’ असं ओरडणारे आपणच असतो.

काही पालकांनी सुचवलं की प्लेऑफमध्ये चांगल्या मुलांना बर्फावर जास्त वेळ द्यावा. मी ठामपणे नाही म्हटलं, मुख्य कोचही नाही म्हणाले. तिसऱ्या लाइनच्या, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या तिसऱ्या गटाच्या, मुलांनीही जानेवारीभर तोच सराव केलाय. शिवाय पंचेचाळीस सेकंदांच्या शिफ्ट (बर्फावरच्या पाळ्या) आणि ताजे पाय हाच आमचा खरा फायदा आहे. दोनच लाइन खेळवल्या तर शेवटच्या पिरियडला त्या शिफ्ट दीड मिनिटाच्या होतील आणि दमलेला डिफेन्समन सगळ्यात आधी मागे बघायचं सोडतो.

स्केटना धार बुधवारच्या सरावाआधी लावून घ्या, शनिवारी सकाळी नको. मुलांना नव्या धारेवर एक सराव मिळायला हवा. आमच्या बहुतेकांची अर्ध्या इंचाची (ब्लेडखालच्या खाचेची त्रिज्या) आहे, ती बदलू नका. नेक गार्ड बॅगेत आहे का ते रात्रीच बघा.

बुधवारी तास विभागलाय असा: पंधरा मिनिटं रिव्हर्स, पंधरा मिनिटं दोघांच्या दबावाखाली विंगरचा पास, दहा मिनिटं नेट रिकामं असतानाचा खेळ, उरलेला वेळ मुलांचा, त्यांना हवा तसा सामना. शनिवारी पहिला फेसऑफ सकाळी सव्वासातला.