गच्चीवरचा शंकू: डिसेंबर ते मे, सावलीच्या नोंदी

13 मेला आमचा पृथ्वीचा परीघ निघाला, म्हणून वहीतल्या नोंदी आता एकत्र लिहून काढते आहे. पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर सहावी-सातवीतली पाच मुलं आणि मी. तिकडे इंदूरला माझी मावसबहीण आणि तिच्याकडे शिकवणीला येणारी तीन मुलं. दोन्हीकडे एक मीटर उंचीचा शंकू, म्हणजे सावली मोजायला उभा केलेला सरळ रॉड.

सुरुवात 22 डिसेंबरला केली. "दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो," हे मुलांचं पाठ वाक्य. मी वाद घातला नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून पडद्याचा रॉड उभा केला, साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लावली. बाराला सावली आखूड होतच होती. सगळ्यांत आखूड झाली ती 12.33 च्या आसपास, आणि तेव्हाही ती चांगली 90 सेंटिमीटर होती. म्हणजे बाराला नाही आणि डोक्यावर तर नाहीच. सातवीतली एक मुलगी बराच वेळ त्या खुणांकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "काकू, मग घड्याळ चुकतंय का?"

हा प्रश्न आम्ही दोन महिने पुरवला. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची. पुणे साधारण 73.9 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे जवळजवळ 34-35 मिनिटं उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. एवढं मुलांनी स्वतः काढलं. पण 11 फेब्रुवारीला माध्यान्ह (सावली सगळ्यांत आखूड असते तो क्षण) 12.49 ला आला आणि सगळी गडबडली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी सूर्य घड्याळाच्या पुढेमागे होत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाच माध्यान्ह पुण्यात 12.18 ला येतो. सहावीच्या मुलांना कारण पूर्ण समजावं असा माझा आग्रह नव्हता. वेळ सरकते हे त्यांनी आपल्या खडूने पकडलं, मला तेवढं हवं होतं.

मधे संक्रांत आली. घरोघरी "आजपासून उत्तरायण" चाललेलं, आणि आमच्या वहीत सावली 90 वरून 83 वर आलेली. सूर्य तर तीन आठवड्यांपूर्वीच वळला होता! तिळगूळ खात खात ही चर्चा फार छान झाली. संक्रांत हा सूर्याचा मकर राशीतला प्रवेश, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या मंद गिरकीमुळे तो आता अयनदिनापासून, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवसापासून, दूर सरकला आहे. मुलांना सणाची गोडी कमी झाली नाही, उलट एका आजोबांना घेऊन ती गच्चीवर आली आणि खुणा दाखवू लागली.

साधनातल्या चुका

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांचा वेळ वाचेल.

पहिली चूक: गच्चीची फरशी सपाट धरली. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेलाच असतो. डिसेंबरच्या खुणा त्यामुळे चार-पाच मिलिमीटरने इकडेतिकडे. फेब्रुवारीपासून प्लायवूडची फळी घेतली, खाली पत्त्यांच्या जाडीचे पुठ्ठे सरकवून पाणसळीने दोन्ही दिशांना समतल केली.

दुसरी चूक: रॉडच्या टोकाची सावली. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे मीटरभर अंतरावर सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट होते, आणि "टोक कुठे?" यावर पाच मुलांची पाच मतं. उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडून तो वर बसवला. मग सावलीत एक गोल कवडसा पडतो. तो भोकाचा आकार नसतो, सूर्याची प्रतिमा असते. चौकोनी भोक पाडून बघा, कवडसा तरी गोलच. कडेपेक्षा कवडशाचा मध्य पकडणं कितीतरी सोपं.

तिसरी चूक मार्चमध्ये कळली. 21 मार्चला पुण्याची सावली 33.7 आणि इंदूरची 41.5 सेंटिमीटर. मी कॅल्क्युलेटरवर कोन काढले: 18.62 आणि 22.54 अंश, फरक 3.92. दोन्ही गावांतलं दक्षिणोत्तर अंतर 465 किलोमीटर (रस्त्याचं अंतर इथे कामाचं नाही, नकाशावर सरळ उत्तर-दक्षिण मोजायचं). 3.92 अंशांना 465, तर पूर्ण 360 अंशांना किती? परीघ आला 42,700 किलोमीटर. खरा साधारण 40,000. बहिणीने ओळंबा लावून पाहिलं तर तिचा रॉड दक्षिणेकडे चार मिलिमीटर झुकलेला. दिसायला अगदी सरळ!

पण मला त्या आकड्यापेक्षा दुसरंच खुपलं. "टॅन इन्व्हर्स" हे बटण मी दाबलं तेव्हा मुलं गप्प झाली. तीन महिने सगळं त्यांच्या हातात होतं आणि शेवटचं पाऊल माझ्या यंत्रात गेलं. त्यांना त्रिकोणमिती अजून यायची आहे. म्हणून ठरवलं की शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे सूर्य माथ्यावर येऊन सावली पायाशीच पडते तेव्हा, पुन्हा करायचं आणि यंत्र न वापरता.

13 मे

मे महिन्यात सूर्य पुण्याच्या अगदी माथ्यावर येतो. त्या दिवशी इकडची सावली शून्य, म्हणजे इंदूरची सावली हाच दोन गावांमधला कोन. प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीसनेही असंच केलं होतं. इजिप्तमधल्या सायीनीला सूर्य माथ्यावर, उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात 7.2 अंशांची सावली, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग.

एक अडचण होती: सूर्य माथ्यावर आला की कवडसा रॉडच्या बुंध्यावरच पडणार आणि दिसणार नाही. म्हणून रॉडला आडवा हात जोडला, त्याच्या टोकाला भोकाचा पुठ्ठा. भोकातून ओळंबा सोडून खाली फळीवर फुली मारली आणि ओळंबा काढून घेतला. फळीपासून पुठ्ठा बरोबर 100 सेंटिमीटर. इंदूरलाही तसंच.

सव्वाबाराला वळवाचे ढग आले. मुलं अक्षरशः हात जोडून उभी होती. 12.26 ला ऊन पडलं. बारा-तेरा मिलिमीटरचा कवडसा फुलीच्या पश्चिमेला, हळूहळू पूर्वेकडे सरकतोय, मिनिटाला चार मिलिमीटर. एवढं जवळून बघितलं की सरकणं डोळ्यांना दिसतं. 12.31 ला फुली कवडशाच्या मधोमध. कोणी काही बोललं नाही. मग सगळी एकदम ओरडली.

इंदूरचा माध्यान्ह पुण्याच्या आठ मिनिटं आधी असतो, त्यामुळे बहिणीचा आकडा तयार होता: 7.4 सेंटिमीटर.

फळ्यावर एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ कल्पिलं. त्याचा परीघ 628 सेंटिमीटर. त्यात 7.4 चे तुकडे किती? मुलांनी भागाकार केला: जवळजवळ 85. लहान कोनाला सावली आणि कंस यांत फरक नगण्य, म्हणून हे चालतं. मग 465 गुणिले 85, एकूण 39,525 किलोमीटर. गुणाकार सहावीतल्या मुलाने केला, दोनदा तपासला, आणि पेन्सिलने वहीत लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरची शून्य सावली. तेव्हा पुण्याची सावली दक्षिणेला पडलेली असेल. फळी त्या बाजूला वाढवून घेतली आहे. 21 जूनला ती साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. पावसाने उघडीप दिली तर मोजू.