टेकडीवरचे घरच्या मंडळींचे फोटो: माघ-फाल्गुनाची नोंद

जागा: वेताळ टेकडी, पुणे. मुख्यतः पाषाणकडचा, म्हणजे पश्चिमेचा उतार. काळ: १० फेब्रुवारी ते १५ मार्च. विषय एकच, आजी-आजोबांपासून तीन वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एका चौकटीत आणि कुणाचाही चेहरा ओढलेला नाही.

याच दिवसांत का, ते आधी. जानेवारीत सूर्योदयाला टेकडीवर शाली, कानटोप्या आणि वर उचललेले खांदे असतात. थंडीने आवळलेले खांदे फोटोत लगेच दिसतात, हसू कितीही खरं असो. एप्रिलमध्ये साडेआठलाच कपाळावर घाम चमकतो आणि मुलं सावलीकडे पळतात. मधले हे चार-पाच आठवडे सुती कपड्यांवर बसता येतं, शाल साडेसातला आपोआप खांद्यावरून उतरते. बरेच जण पळसाच्या फुलांसाठी हा हंगाम धरतात. आमच्या मते फुलं दुय्यम आहेत. हंगाम निवडायचा तो अंग सैल राहावं म्हणून.

पहिला आठवडा: घड्याळ

१५ फेब्रुवारीला पुण्यात सूर्य ७:०३ च्या सुमारास उगवतो, १५ मार्चला ६:४३ ला. मावळतीत फरक कमी, ६:३५ वरून ६:४४. युरोपातल्या छायाचित्रकारांचे सोनेरी उन्हाचे हिशेब इथे लावू नका. तिकडे सूर्य तिरका चढतो, आपल्याकडे जवळजवळ सरळ वर येतो, तासाला १३-१४ अंश. खरं सोनेरी ऊन इथे जेमतेम २५ मिनिटं टिकतं. त्यानंतरचा तास-दीड तास ऊन पांढरं पण सौम्य असतं, आणि चेहऱ्यांसाठी तोच जास्त कामाचा.

मोजायला ॲप नको, सावली पुरते. उगवतीनंतर तासाभराने आपली सावली उंचीच्या चौपटीहून थोडी मोठी असते. ती दुपटीवर आली की उघड्यावरचं काम थांबवायचं. त्यापुढे भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडू लागते. दुपटीची वेळ १५ फेब्रुवारीला ९:०५, १५ मार्चला ८:४०. म्हणजे महिनाभरात सूर्योदय २० मिनिटांनी अलीकडे येतो आणि शेवटही जवळपास तेवढाच. फेब्रुवारीतलं वेळापत्रक मार्चमध्ये तसंच चालवलं की शेवटचे सगळे फोटो डोळे मिचकावलेले निघतात.

पश्चिमेकडचा उतार यासाठीच. पाठीमागची धार क्षितिजापासून ७ अंश वर असेल तर सूर्य तिथे अर्धा तास उशिरा पोचतो. तेवढा वेळ अख्खा उतार मोकळ्या सावलीत, आकाशाचा उजेड सगळीकडून सारखा. मोठा गट आधी इथे उरकायचा, मग धारेवरून ऊन आलं की त्याच जागी मंडळींची पाठ उन्हाकडे करून दुसरा संच. जागा बदलावी लागत नाही, आजोबांना चढावं लागत नाही.

दुसरा आठवडा: झाडं

वसंत म्हटला की सावली गृहीत धरली जाते. या टेकडीवर उलटं होतं. पानगळ झालेली असते, आणि गिरिपुष्पाच्या (उंदीरमारीच्या) निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी तुरे असतात. लांबून सुंदर, खाली उभं राहिलं की फांद्यांच्या जाळीतून कपाळावर, गालावर उन्हाच्या पट्ट्या. पळस आणि काटेसावरीचंही तेच. फुललेलं झाड पाठीमागे १० ते १५ मीटरवर ठेवा. माणसं वडाच्या, जांभळाच्या किंवा कातळाच्या सावलीत, सावलीच्या कडेपासून दोन पावलं आत, तोंड उजेडाकडे.

आंब्याची सावली दाट असते म्हणून मोह होतो. पण मोहरावर तुडतुडे असतील तर त्यांच्या गोड चिकट स्रावाचे बारीक थेंब खाली पडतात. साडी, केस, लेन्सची काच सगळं चिकट. पानांवर हात फिरवून पाहा. बोटं चिकटली तर पुढचं झाड शोधा.

जमिनीचा उपयोग फार जण करून घेत नाहीत. पावसाळ्यात हिरव्या गवताचा रंग हनुवटीखाली चढतो आणि नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. या दिवसांत गवत वाळून फिकट पिवळं झालेलं असतं, तेच खालून उबदार उजेड फेकतं. वेगळा रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारा पडदा) लागला तर पांढरी सुती चादर चौकटीबाहेर जमिनीवर अंथरा, माणसांपासून मीटरभर पुढे. मात्र लाल मुरमावर उभं करू नका, गळ्याखाली तांबूस छटा येते.

तिसरा आठवडा: कॅमेऱ्याचे आकडे

सगळ्यात जास्त फोटो f/२ वर वाया गेले (f चा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी). ८५ मिमी लेन्स, फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सर), अंतर ४ मीटर: f/२ ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो, सुमारे २६ सेंमी. पुढे बसलेली आजी स्पष्ट, मागे उभा मुलगा मऊ. शिवाय ४ मीटरवर चौकटीची रुंदी १.७ मीटर, त्यात तीनच माणसं मावतात. ६ मीटरवर जा, f/४ ठेवा: रुंदी २.५ मीटर, खोली १.२ मीटर. पाच माणसं दोन रांगांत बसतात आणि पाठीमागचा पळस तरीही विरघळतो. आठ-दहा जण असतील तर ५० मिमी, ५ मीटर, f/५.६. फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर.

बसलेल्या गटाला शटर १/२५० सेकंद, चालणाऱ्या-धावणाऱ्या मुलांना १/५०० किंवा जास्त. सावलीत त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० ते ८०० गेला तरी बिघडत नाही. हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही.

पळसाच्या केशरी रंगाचं दुखणं वेगळं. एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि पाकळ्यांच्या जागी नुसता केशरी डाग उरतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि फुलांवर ऊन असेल तर एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती जुळवणी) दर फोटोला वेगळा रंग देतो. उन्हात ५२००-५५०० केल्विनवर बांधून टाका. पाठीमागून ऊन असताना मात्र चेहऱ्यासाठी एक स्टॉप वाढवावा लागतो आणि लेन्सहुड (लेन्सपुढचं झाकोळ) लागतोच, कारण समोरचं ऊन थेट काचेवर पडलं की फोटो फिकट होतो.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी १x ऐवजी २x वापरावं आणि मागे सरकावं. १x ला कडेच्या माणसाचं डोकं लांबट होतं, आणि कडेला नेहमी मावशीच असते.

चौथा आठवडा: माणसं

मंडळी उजाडता उजाडता वर पोचलेली हवीत. पहिली १५ मिनिटं कॅमेरा पिशवीत. मुलांना केळं, राजगिऱ्याचा लाडू आधी. भुकेलं मूल अर्ध्या तासात संपतं. चिक्की नको, दातांत अडकते आणि हसल्यावर दिसते. आजी-आजोबांना ४५ सेंमी उंचीचं घडीचं स्टूल न्या. मांडी घालून बसवलं की उठताना गुडघे धरतात आणि पुढच्या दहा फोटोंत ती कळ चेहऱ्यावर राहते. फेब्रुवारीत आठपर्यंत गवतावर दव असतं, म्हणून चटईखाली प्लॅस्टिक.

क्रम: पूर्ण गट, मग आजी-आजोबा आणि नातवंडं, मग जोड्या, शेवटी मुलं एकटी. पूर्ण गटाला १० मिनिटांपेक्षा जास्त नको. "हसा" म्हणण्यापेक्षा हात धरून दहा पावलं कॅमेऱ्याकडे चालायला सांगा, सेकंदाला ५ फोटो, सलग फोकस (हलत्या माणसामागे आपोआप सरकणारा). सातव्या-आठव्या पावलाला कुणीतरी कुणाला काहीतरी बोलतं. आजीचा पदर नातवाच्या मुठीत असतो, सून तो सोडवायला वाकते, आणि तोच फोटो घरात लागतो.

उन्हात काळा होणारा चष्मा सावलीतही अर्धा काळवंडतो आणि थंड हवेत जास्तच. आदल्या दिवशी जुना साधा चष्मा शोधून ठेवायला सांगा. कपड्यांत नीळ, मोरपंखी, मोतिया पळसापुढे उठून दिसतात. केशरी आणि लाल मागच्या फुलांत हरवतात.

दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर तारीख त्यालाच विचारून घ्या. रंगपंचमीनंतर चार-पाच दिवस सोडा. कानामागचा आणि नखांतला रंग तेवढा वेळ राहतो.

काय टाळायचं

खाजकुयली. मखमली, तपकिरी, वाकड्या शेंगा याच दिवसांत वाळतात आणि वाऱ्यानेही त्यांची लव उडते. जागा आदल्या दिवशी चालून पाहा. वेल दिसली तर ती जागा सोडा. लव लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीने उचला आणि मग धुवा.

आग्या मोहोळ. फुलोरा आहे म्हणजे माश्या आहेत. मोठ्या झाडांच्या फांद्या आणि खाणीच्या कडा वर बघून तपासा. उग्र अत्तर नको, ड्रोन तर नाहीच.

रंगीत धुराच्या कांड्या कुणी सुचवल्या तरी आणू नका. गवत कोरडं आहे, वणवा पेटायला एक ठिणगी पुरते.

कुसळं सुती कापडात आडवी रुततात. चिमटा जवळ ठेवा आणि गट बसण्याआधी पायजम्यांचे घोटे बघा. मुलाची अर्धी चुळबुळ तिथूनच येते.

पुढे

मार्चच्या शेवटी कुसुंबाची तांबडी पालवी आणि पिंपळाची नवी तांबूस पानं. पिंपळाची कोवळी पानं पाठीमागून उन्हात पारदर्शक होतात. माणसं त्याखाली नाही, त्याच्यापुढे ८ मीटरवर. तोवर दुपटीची सावली साडेआठच्याही आत येईल, म्हणून पोचायची वेळ सव्वासहा.