डाव्या पायाखालचं पाणी: वाट सापडली एकदाची

सापडली रे बाबांनो, गाडीत पावसाचं पाणी शिरून डावीकडचं कार्पेट भिजत होतं ना, ती गळती सापडली! आणि आपण सगळे जिथे बोट दाखवत होतो तिथे ती नाहीच.

मागच्या अपडेटला वायपरखालची जाळी काढून गुलमोहराचा पाला उपसला होता, आठवत असेल. ती बारीक पानं ड्रेनमध्ये अशी बसतात की तारेनेही हलत नाहीत. सगळं मोकळं केलं, बादलीभर पाणी ओतलं, दोन्ही चाकांमागून भडाभडा खाली आलं, म्हटलं संपला विषय. पुढच्याच मोठ्या सरीला डावीकडचं कार्पेट परत चिंब, रात्री सेंट्रल लॉकची आपोआप टक-टक सुरू, वॉचमन बिचारा गाडीत कोण बसलंय म्हणून टॉर्च मारून गेला. सकाळी बॅटरी ११.४ व्होल्ट. डोकंच फिरलं.

एसीचं पाणी नव्हतं कारण एसी लावलाच नव्हता, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) म्हणावं तर चिकटपणा नाही, गोडसर वास नाही. म्हणजे पावसाचंच. मग डॅशबोर्डखाली जिथे जिथे हात जातो तिथे टिश्यू चिकटवले आणि खायचे रंग कालवून पाणी ओतायला घेतलं, खालून वर, एका वेळी एकच जागा. काचेच्या कोपऱ्यात केशरी ओतलं, आत काही नाही. बॉनेटच्या मागच्या फटीतून हिरवं सोडलं आणि थोड्या वेळाने फ्यूज बॉक्सच्या वरचा टिश्यू हिरवा! एवढा आनंद झाला की बायकोला खाली बोलावून दाखवला. तिने टिश्यूपेक्षा माझ्या हिरव्या हातांकडेच जास्त बघितलं.

तर भानगड अशी. आधीच्या मालकाने फॉग लॅम्प (धुक्यातले जादा दिवे) बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) ग्रोमेटला, म्हणजे भोकातल्या रबरी बुचाला, पेचकसाने भोक पाडून वायर आत घेतली, आणि ती बाहेर उंच, आत खाली. बॉनेटच्या फटीतलं पाणी त्या वायरवर पडतं, वायर धरून भोकातून आत येतं आणि थेट फ्यूज बॉक्समागच्या बीसीएमवर, म्हणजे लॉक-दिवे सांभाळणाऱ्या कंट्रोल बॉक्सवर. भोकाच्या आधी वायरला खाली एक झोळ दिला असता तर पाणी तिथेच टपकलं असतं, पाच मिनिटांचं काम. त्यात मधला जोड नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला, त्यामुळे पाणी वायरच्या आतूनही चढलंय, वातीत तेल चढतं तसं. वीतभर इन्सुलेशन सोललं तरी तांबं काळंच.

आता बंद गाडीत बॅटरी कोण पितंय ते, म्हणजे करंट. दाराच्या लॅचमध्ये पेचकस फिरवून गाडीला दार बंद आहे असं भासवलं, बॉनेटही, आणि अर्धा तास हात लावला नाही, नाहीतर मॉड्यूल (बीसीएमसारखे कंट्रोल बॉक्स) झोपतच नाहीत. मीटर निगेटिव्हला सिरीजमध्ये: ३५० मिलिअँपिअर. ३५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी नवी असली तरी चार दिवसांत झोपणार. फ्यूज उपसत बसू नका, उपसून परत लावला की मॉड्यूल जागे होतात आणि वाट बघणं परत पहिल्यापासून. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा, ज्यातून करंट वाहतोय तिथेच आकडा दिसतो. सगळीकडे शून्य, बीसीएमच्या १० अँपिअरच्या फ्यूजवर अडीच. सापडला चोर. (मीटर पुण्यात पासोड्या विठोबाजवळून घेतलेला साधाच आहे. वायरभोवती चिमट्यासारखा अडकवायचा क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजतो का ते आधी विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त घरातल्या विजेचा एसी करंट मोजणारे.)

बॅटरी काढून बीसीएम उघडला. कनेक्टरच्या कोपऱ्यात हिरवट-निळी पूड, दोन पिनांच्या मध्ये पूलच बांधलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने घासला, पंख्याखाली रात्रभर ठेवला, लावला. २२ मिलिअँपिअर! आणि लॉक गप्प.

ग्रोमेट नाना पेठेत मिळालं, दुकानदाराने भोकाचं माप विचारून बरोबर तेच काढून दिलं. ऑनलाइन मागवलेलं एक बोट मोठं आलं होतं. गॅरेजवाल्याने सिलिकॉन सुचवलं होतं, पण ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते वायरिंगजवळ अजिबात नको, सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि तांबं खातं. मी ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) वापरणार.

ठरवलं होतं की फॉगची वायर नवी टाकून नव्या ग्रोमेटमधूनच आत घ्यायची. पण हे टाइप करताना वाटतंय, ती आत आणायचीच कशाला? दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा रिले तर बॉनेटखालीच आहे, फक्त स्विचची एक बारीक वायर लागते, आणि उजवीकडे फायरवॉलला कंपनीचं एक रिकामं बूच दिसलं होतं. तिथून घेतली, खाली झोळ देऊन, तर नव्या ग्रोमेटला भोक पाडायची गरजच नाही. तसंच करतो.

कार्पेटखालचा फोम अजून गॅलरीत पंख्यासमोर आहे, आषाढात ऊन कुठलं, वरून कोरडा लागतो आणि दाबला की पाणी. तो पूर्ण सुकल्याशिवाय सीट बसवणार नाही. तोवर एक सांगा, बीसीएमच्या कनेक्टरमधली गंजलेली एक पिन बदलायचीय, पिनेला धरून ठेवणारी खिट्टी न तोडता ती काढायचं टूल पुण्यात सुटं मिळतं का, की पूर्ण सेटच घ्यावा लागतो?