भेंडीवर हळद्या आला

परवा सकाळी कोथरूडच्या आमच्या गच्चीवर पाणी घालताना भेंडीचं एक कोवळं पान दिसलं. प्रत्येक शीर पिवळीधमक, मधला भाग हिरवागार. पोटात गोळाच आला. हा हळद्या, विषाणूजन्य रोग; मुंबई इलाख्यात १९२४ सालीच याची नोंद झाली होती. पान उलटलं तर खाली पांढरी माशी. रोग पसरवते तीच.

गेल्या वर्षी उपटायला जीव झाला नाही म्हणून असं रोप ठेवलं आणि शेजारची पाच गमावली. यंदा लगेच उपटून पिशवीत बांधलं. बाकीच्यांवर संध्याकाळी लिटरला ५ मिली निंबोळी तेल, चमचाभर साबणपाणी घालून, पानांच्या खालच्या बाजूने फवारलं. पिवळे चिकट सापळेही टांगलेत. बुरशीनाशकावर पैसे घालवू नका, विषाणूला ते लागू पडत नाही. पुढचं बियाणं मी परभणी क्रांती या भेंडीच्या वाणाचंच आणणार, ते या रोगाला तग धरावं म्हणूनच काढलेलं आहे.