सायकल ट्रॅक असताना रस्त्यावर का? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात सातारा रस्त्यावर पंचमी हॉटेलच्या सिग्नलला मी सायकल घेऊन उभा असतो. शेजारी स्कूटरवर एक काका येऊन थांबतात, हेल्मेटची काच वर करतात आणि म्हणतात, “अहो, एवढा ट्रॅक बांधलाय तुमच्यासाठी, मग इथे मध्ये कशाला कडमडता?” काका बदलतात, कधी रिक्षावाला असतो, कधी कारची काच खाली येते. प्रश्न तोच. ऑफिसात विचारून झालाय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालाय, एका लग्नाच्या पंगतीत नवऱ्यामुलाच्या मामांनीही विचारलाय. सिग्नल सुटायला वीसेक सेकंद असतात. तेवढ्यात “ट्रॅक खराब आहे हो” एवढंच म्हणता येतं, आणि ते उत्तर अर्धवट आहे. खराब तर रस्ताही आहे.

मी पद्मावतीला राहतो, ऑफिस शिवाजीनगरला. सात-साडेसात किलोमीटर. जाताना उतार, येताना चढ. सकाळी एफसी रोड, संध्याकाळी जेएम, कारण दोन्ही एकेरी. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून रविवारी सिंहगडाला जाणाऱ्यांतला मी नाही. साधी गियरची सायकल, मागे कॅरियरला डबा आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे. अकरा वर्षं झाली.

पहिले दोन महिने मी इमानदारीत ट्रॅकवरूनच गेलो. सोसायटीचं गेट आलं की ट्रॅक खाली उतरतो, गेट संपलं की वर चढतो. पुढे दुकान, पुन्हा उतार, पुन्हा चढ. डब्यातली आमटी कितीही घट्ट झाकण लावलं तरी ऑफिसात पोचेपर्यंत बाहेर. मध्येच पेव्हर ब्लॉक खचलेला, त्याच्या शेजारी चेंबरचं झाकण दोन बोटं वर आलेलं. मग विजेचा डबा. मग झाड, ज्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते ट्रॅकच्या आधीपासून तिथे आहे. मग बसस्टॉप, तिथे ट्रॅक गायब होतो आणि स्टॉप संपल्यावर काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो.

एका ठिकाणी दुचाक्या शिरू नयेत म्हणून स्टीलचे खांब रोवलेत. मी एकदा घरून टेप नेऊन दोन खांबांमधलं अंतर मोजलं. ५८ सेंटिमीटर. माझं हँडल ६२. स्कूटर मात्र शेजारच्या दुकानाच्या रॅम्पवरून सहज आत येते, पुढच्या रॅम्पवरून बाहेर पडते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल ट्रॅकचं मानक १९६२ सालीच काढलं होतं आणि त्यात ट्रॅक किमान दोन मीटर रुंद हवा असं सांगितलंय. म्हणजे कागदावर कधीच काही अडलं नव्हतं.

पण हे सगळं सोसलं असतं. चेंबरच्या झाकणाला वळसा घालता येतो, उतरून सायकल हातात धरून चालता येतं. रस्त्यावर यायचं खरं कारण चौकातलं आहे.

ट्रॅक असतो फुटपाथच्या अंगाला, आणि त्याच्या आणि रस्त्याच्या मधे उभ्या असतात लावलेल्या गाड्या, टेम्पो, झाडं, होर्डिंगचे खांब. डावीकडे गल्लीत वळणाऱ्या कारवाल्याला त्या गर्दीआड मी दिसतच नाही. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक संपतो आणि मी एकदम त्याच्या बॉनेटसमोर उगवतो. तो दचकतो, मी दचकतो, बहुतेक वेळा भागतं. अशी तोंडं पद्मावती ते स्वारगेट या टप्प्यात मी मोजायची सोडून दिली आहेत. रस्त्यावर असलो तर मागचा माणूस मला आधीच शंभर फुटांवरून बघत आलेला असतो. चिडलेला असेना का, बघत असतो. मला सगळ्यात भीती वाटते ती हॉर्न वाजवणाऱ्याची नाही, ज्याला मी दिसलोच नाही त्याची. हॉर्न वाजवला म्हणजे त्याने पाहिलं.

म्हणूनच रस्त्यावरही मी अगदी कडेला चिकटून जात नाही. लोकांना हे ट्रॅकपेक्षा जास्त खटकतं. “जरा डावीकडून चालवा की!” डावीकडून म्हणजे कुठून? कडेला गटाराची जाळी, खडी, दुचाक्यांची रांग आणि लावलेल्या गाड्यांची दारं. टिळक रोडवर अशाच एका दाराने मला शिकवलं. रांगेत उभी पांढरी कार, आत माणूस मोबाइलवर. मी कडेने, अगदी सभ्यपणे. दार उघडलं तेव्हा ब्रेकवर बोटं ठेवण्याइतकाही वेळ नव्हता. त्या क्षणी ज्या गोष्टीवर नजर होती ती आठवते: दाराच्या कडेवरचा टायरच्या हवेचा स्टिकर, त्यावर पुढचे ३२, मागचे ३० लिहिलेलं. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. माणूस वाईट नव्हता, स्वतःच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, दोनदा फोनही केला. त्याने फक्त आरशात बघितलं नव्हतं.

नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने दार डाव्या हाताने उघडायचं. करून बघा, अंग आपोआप मागे वळतं आणि नजर आरशाकडे जाते. फुकटचा उपाय आहे. घरात मी सगळ्यांना लावला आहे. बायको आता रिक्षातून उतरतानाही मागे बघते, जिथे दारच नसतं.

तेव्हापासून मी गाड्यांच्या रांगेपासून दार उघडेल एवढी जागा सोडून चालवतो. त्यामुळे तुम्हाला दहा सेकंद माझ्यामागे यावं लागतं. त्या दहा सेकंदांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, पण फार नाही.

आता आमच्या बाजूचं. सायकलवाले साधू नाहीत. उलट्या दिशेने येणारे, रात्री ना पुढे दिवा ना मागे लाल, कानात इअरफोन घालून चालवणारे मी रोज बघतो. त्यातही फरक करतो. पहाटे पेपर टाकणारा पोरगा उलट्या बाजूने येतो कारण त्याला डिव्हायडर ओलांडायला अर्धा किलोमीटर जावं लागतं आणि पुढच्या तासात दीडशे घरं करायची असतात. ड्यूटी संपवून काळ्या सायकलवर घरी जाणाऱ्या वॉचमनकडे दिवा नसतो कारण दिव्यालाही पैसे पडतात. रविवारी लाखभराच्या सायकलींवर तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत जाणाऱ्यांना मात्र माझ्याकडे सवलत नाही.

कायद्याचं विचाराल तर सोपं आहे. सायकल मोटार वाहनात मोडत नाही, तिला लायसन्स लागत नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखे बंदी असलेले रस्ते सोडले तर ती रस्त्यावर चालवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. उलट सायकल ट्रॅकवर मोटार वाहन नेणं हे नियमाविरुद्ध आहे. हे मी सिग्नलला कधी बोलत नाही. पुण्यात सिग्नलला कायदा काढला तर हिरवा लागूनही कुणी हलत नाही.

माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते, पेठेतून रोज सायकलने. ते सांगायचे, भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा आणि एखादी मोटार असलीच तर ती बाजूला थांबायची. दिवा नसला की पोलीस पकडायचा, डबलसीटला पकडायचा. ट्रॅक कुणी मागितला नाही, अख्खा रस्ताच त्यांचा होता. नंतर स्कूटरी आल्या, वडिलांनीही घेतली, आणि सायकल जिन्याखाली गेली. तीच तार मी पुन्हा जोडतोय वगैरे काही नाही. मला पार्किंग शोधायचा कंटाळा येतो म्हणून मी सायकल घेतली.

२०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या जाळ्याचा. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही यायला लागल्या. पिवळ्या, केशरी, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. मुलं खूश झाली. काही काळाने त्यातली एक मला आमच्या गल्लीत साखळीने झाडाला बांधलेली दिसली, कुणीतरी स्वतःचं कुलूप घालून घरची करून टाकली होती. मग त्या सायकलीही गेल्या. आराखडा मी चाळलाय, वाईट नाही. त्यात चौकांचाही विचार आहे. कमी काय आहे ते तुम्ही पद्मावतीला या, दाखवतो.

आणि हो, मी ट्रॅक अजिबात वापरत नाही असं नाही. संध्याकाळी घरी येताना स्वारगेटच्या पुढे चढ लागतो, माझा वेग दहावर येतो आणि मागून बसचा श्वास मानेवर जाणवतो. तिथे एका जागी लांबलचक भिंत आहे. गेट नाही, दुकान नाही, गल्ली नाही. जेमतेम तीनशे मीटर. तिथे मी रोज ट्रॅकवर चढतो.

त्याच वेळी तिथे एक आजी-आजोबा फिरायला येतात. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात, त्यामुळे ट्रॅकवरूनच चालतात, दोघं शेजारी-शेजारी. मी घंटी हळूच वाजवतो. आजोबा बाजूला होतात. आजी होत नाहीत. परवा थांबून वळल्या, माझ्याकडे बघितलं, मग त्या वाहत्या रस्त्याकडे हात केला आणि म्हणाल्या, “अहो, एवढा मोठा रस्ता आहे की तुम्हाला. इथे कशाला मध्ये मध्ये?”

मी उतरलो आणि भिंत संपेपर्यंत त्यांच्या मागून सायकल हातात धरून चालत गेलो.